सही न करणाऱ्या सिस्टर

सरकारी कागदावर त्यांच्या नावाआधी 'मा. सदस्या, बालकल्याण समिती' असं लिहिलेलं असे, पण शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. फिकट निळी साडी, गळ्यात बारीक साखळी, राहायला शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत. त्यामुळे नवीन माणसाला वाटे, या नन असाव्यात. कुणी फारच अदबीनं विचारलं, "आपण कुठल्या कॉन्व्हेंटच्या?" की त्या म्हणत, "मी नन नाही, नर्स आहे. नन असते तर एवढी बडबड केली असती का?"

बडबड मात्र खरंच फार. पेठ आणि सुरगाण्याकडच्या पाड्यांवर सरकारी नर्स म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. नदीच्या पलीकडच्या माणसाशी अलीकडून बोलायची सवय तिथूनच लागलेली. समितीच्या खोलीत त्या बोलू लागल्या की बाहेर व्हरांड्यात बसलेल्यांना आतली सुनावणी फुकट ऐकायला मिळे. शिवाय डावा कान ऐकायला कमी. अध्यक्ष त्यांच्या डावीकडे बसत. ही जागा सिस्टरांनी स्वतः निवडलेली होती, असं आमचा टायपिस्ट म्हणायचा.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नवा कायदा येऊन जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समित्या बसू लागल्या होत्या. हरवलेली, घर सोडून आलेली, स्टेशनवर सापडलेली, कुणी नसलेली मुलं समितीपुढे आणायची आणि त्यांचं पुढे काय करायचं ते समितीनं ठरवायचं. नाशिकच्या आमच्या निरीक्षणगृहात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या रिमांड होममध्ये, आठवड्यातून दोनदा बैठक भरे. मी तिथे परिवीक्षा अधिकारी म्हणून नव्यानं लागले होते. वय चोवीस. काम असं, की मुलाशी बोलायचं, त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची आणि समितीला अहवाल द्यायचा. माझ्या अहवालावर मूल घरी जायचं की संस्थेत, हे बरंचसं ठरत असे. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातात आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला कळत होता तो फॉर्म.

सिस्टरांशी माझी पहिली गाठ पडली ती 'सदर' या शब्दावरून. मी लिहिलं होतं, 'सदर बालकास सदर पालकांच्या ताब्यात देण्यास हरकत नसावी.' सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सदर म्हणजे काय हो, मॅडम?"

"म्हणजे… हा. हा मुलगा."

"मग हा मुलगा असं लिहा. त्याला नाव आहे का?"

"आहे."

"मग ते लिहा. सदर ही वाड्यात असते, माणसं बसतात तिच्यावर."

त्या दिवशी टायपिस्टनं आदेश तीनदा टाइप केला. तिसऱ्यांदा झाल्यावरही त्यांनी सही केली नाही. मुलाला आत बोलावलं आणि तो आदेश त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. "समजलं?" मुलगा मान हलवत म्हणाला, "हो." "काय समजलं?" मुलगा गप्प. मग चौथ्यांदा टाइप झाला. ज्या मुलाबद्दल आदेश आहे त्याला तो कळला नाही तर त्यावर आपली सही नाही, असा त्यांचा नियम. हा नियम कायद्यात नव्हता. तसं अध्यक्षांनी एकदा म्हणून बघितलं. अध्यक्ष स्वतः वकील, सज्जन माणूस. पण ते नेमके डाव्या कानाशी बोलले.

यामुळे बैठक लांबायची. एक वाजता संपायची ती तीनला संपे. टायपिस्ट वैतागे, बाकीचे सदस्य घड्याळ बघत. आणि जेवणाची वेळ झाली की सिस्टर बाहेरच्या बाकावर ताटकळलेल्या मुलांना आधी जेवायला पाठवत. "भुकेल्या मुलाचं काय ऐकायचं? ते भुकेचंच बोलणार," असं म्हणत. त्या मुलांचं जेवण होईपर्यंत आम्हीही थांबायचं.

एकदा एका नगरसेवकाचा वाढदिवस होता. तो फळांच्या करंड्या आणि फोटोग्राफर घेऊन आला. मुलांच्या रांगेसमोर उभं राहून एकेकाच्या हातात केळं द्यायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं, असा बेत. बैठकीचा दिवस होता म्हणून सिस्टर तिथेच. त्यांनी फोटोग्राफरला बाहेर बसवलं आणि नगरसेवकाला म्हणाल्या, "साहेब, वाढदिवस आहे तर पंगतीला बसा." तो बिचारा सतरंजीवर मांडी घालून बसला. शेजारी मालेगावकडचा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता, आठ दिवसांत कुणाशी एक अक्षर बोललेला नव्हता. सिस्टर वाढता वाढता त्याला म्हणाल्या, "तुन्हं नाव काय शे रे?" पोरानं दचकून वर बघितलं. या बाईला आपली भाषा येते! मग तो जे सुरू झाला ते थांबेना. आईचं, भावाचं, घरामागच्या विहिरीचं सगळं त्यानं नगरसेवकाला अहिराणीत ऐकवलं. नगरसेवकही मूळचा बागलाणचा निघाला. तो जेवण विसरून ऐकत बसला आणि जाताना डोळे पुसत गेला. फोटो निघालाच नाही.

त्यांचे सगळेच निर्णय बरोबर येत असं नव्हे. सिन्नरच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका मामाकडे एका मुलाला पाठवायचं, असा त्यांनी हट्ट धरला होता. बाकीच्यांचं मत वेगळं होतं. दोन महिन्यांत मुलगा पुन्हा पोलिसांना सापडला, पाठीवर वळ होते. पुढच्या बैठकीत सिस्टरांनी टायपिस्टला सांगितलं, "इतिवृत्तात लिही, या प्रकरणात या सदस्येचा निर्णय चुकला."

टायपिस्ट म्हणाला, "असं लिहितात का, सिस्टर?"

"चुकायला येतं, मग लिहायला का येऊ नये?"

अध्यक्ष म्हणाले राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. ते वाक्य अजून त्या फाइलमध्ये आहे.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय सिस्टर पुऱ्या होणार नाहीत, आणि मीही.

ऑगस्टमध्ये रेल्वे पोलिसांनी नाशिकरोड स्टेशनवर सापडलेली एक मुलगी आणली. वय नऊ. तिला मी हिरा म्हणते, खरं नाव वेगळं आहे. इगतपुरी तालुक्यातली, घोटीच्या पुढची. काटकुळी, डोळे मोठे, बोलणं मोजकं. मी फॉर्म पुढे घेऊन तिला विचारलं, "घरातून का पळालीस?"

"अशीच."

"कुणी मारलं?"

"नाय."

"मग?"

"अशीच."

मी लिहिलं, 'फिरण्याच्या हेतूने घर सोडले.' आठवड्यात तिचा बाप आला. भातशेतीत मजुरी करणारा, खालच्या आवाजात बोलणारा माणूस. सोबत रेशनकार्ड. पोरीला बघून त्याचे डोळे भरून आले. पोर त्याच्याजवळ गेली, पण बिलगली नाही. हे मी पाहिलं होतं, पण लिहिलं नाही. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

गृहभेटीला निघाले त्या दिवशी घोटीच्या पुढे धो धो पाऊस कोसळत होता. बाप मला न्यायला स्टँडवर आला होता, सोबत गावातले दोघे. "बाई, म्होरं जीप नाय जायची. पुलावरनं पानी चाललंय," तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. अंगावरचे कपडे भिजून चिकटले होते, अंगात कणकण होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले, चहा घेतला आणि तिथेच फॉर्म भरला. खोल्या किती, एक. वीज, आहे. घराची स्थिती, समाधानकारक. आई? बाप क्षणभर चहाच्या कपाकडे बघत राहिला. "वारली," म्हणाला. मी लिहिलं, 'मयत.' सोबतच्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या. वर तारीख टाकली आणि 'समक्ष गृहभेट' असं शीर्षक दिलं. पाचच्या गाडीनं मी नाशिकला परत आले.

बैठकीच्या दिवशी माझं प्रकरण तिसरं होतं. सिस्टरांची एक खोड आम्हा सगळ्या अधिकाऱ्यांना ठाऊक होती. गृहभेटीचा अहवाल आला की त्या घराबद्दल एखादा भलताच प्रश्न विचारत. पाण्याची घागर कुठे असते, कुत्र्याचा रंग काय. आम्ही पाठीमागे हसायचो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

"मॅडम, घर बघितलंत?"

"हो."

"दारातून आत गेलं की चूल कुठल्या हाताला?"

खोलीत पंखा फिरत होता. मी म्हणाले, "डाव्या."

सिस्टर हिराकडे वळल्या. "हिरा, तुमच्या घरात चूल कुठंय गं?"

हिरानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, "डाव्या हाताला."

दाराशी उभ्या असलेल्या बापानं तोंड उघडलं आणि मिटलं. ते मी पाहिलं आणि सिस्टरांनीही पाहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. अध्यक्षांना म्हणाल्या, "मला हा अहवाल आणखी बघायचाय. पुढची तारीख द्या." एवढंच. कुणाला काही कळलं नाही.

बैठक संपल्यावर व्हरांड्यात त्या माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "उद्या सकाळी साडेसहाला सीबीएस स्टँडवर. घोटीची गाडी. छत्री आण. चपला नको, बूट घाल."

मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी गाडीत त्या माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत. कंडक्टरशी मात्र त्याच्या बायकोच्या गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. घोटीहून जीप, जीपमधून उतरल्यावर भातखाचरांच्या बांधावरून तासभर चाल. पूल उघडा होता. ज्या दिवशी मी परत फिरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो उघडा झाला होता, असं जीपवाल्यानं न विचारता सांगितलं.

बाप कामावर गेला होता. घरात एक तरुण बाई, कडेवर तान्हं मूल. ही दुसरी बायको. फॉर्ममध्ये ती कुठेच नव्हती. तिनं आम्हाला आत घेतलं. चूल उजव्या हाताला होती.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या बाळाचे कान तपासत होत्या, बाईला विचारत होत्या, दूध पुरतं का. चहा झाला. निघालो तर शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी भात पाखडत होती.

"पोरगी घावली का, वो बाई?"

"घावली. सुखरूप आहे," सिस्टर म्हणाल्या.

"लय हट्टी. आयवर गेलीया."

"आई कधी वारली तिची?"

म्हातारीचं सूप थांबलं. "वारली? कोन वारलं? ती पेठला हाय, भावाकडं. हितं मार खाऊन खाऊन गेली बिचारी. मागल्या शिमग्याला माज्या लेकीला बाजारात घावली व्हती. पोरीची इचारपूस केली म्हन."

फॉर्मची प्रत माझ्या पर्समध्ये होती. त्यात माझ्या अक्षरात एक जिवंत बाई मेलेली होती. तिच्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर ठरणार होतं, आणि तो मी चहा पिता पिता लिहिला होता.

परतीच्या बांधावर मी रडायला लागले. सिस्टर पुढे चालत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "रडू नकोस. चिखल आहे. खाली बघून चाल."

नाशिकला पोचलो तेव्हा चार वाजले होते. सिस्टर थेट मुलींच्या खोलीत गेल्या आणि हिराशेजारी जमिनीवर बसल्या. तिला पोलिसांनी विचारलं होतं, मी विचारलं होतं, गृहमातेनं विचारलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी एकच विचारलं होतं, की का पळालीस. सिस्टर म्हणाल्या, "हिरा, तू कुठं चालली होतीस गं?"

हिरानं जराही वेळ घेतला नाही. "पेठला."

"कोणाकडं?"

"आयकडं. शेजारची रखमी भांडताना बोलली, तुजी आय मेली नाय, पेठला हाय. मला वाटलं, गाडी जाती पेठला."

पेठला रेल्वे जात नाही. नऊ वर्षांच्या पोरीला घोटीहून जाणारी एकच मोठी गाडी ठाऊक होती, तीत ती बसली होती. उत्तर तयार घेऊन ती दोन आठवडे आमच्यात बसून होती. आम्ही तिला तो प्रश्न विचारलाच नव्हता.

जिन्याखाली सिस्टर मला म्हणाल्या, "आता ऐक. त्या अहवालाचं मी कुणाला सांगणार नाही. पण त्यावर सहीही करणार नाही. काय करायचं ते तू ठरव."

आईचा शोध त्यांच्याच रीतीनं लागला. पेठकडच्या एका उपकेंद्रात त्या बारा वर्षं होत्या. तिथल्या आताच्या नर्सला त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सीबीएसवर जाऊन पेठच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिली. चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक अंगावर मांस नसलेली, उन्हानं रापलेली बाई भावासोबत उभी होती. ती पहाटेपासून उभी होती, असं चौकीदार म्हणाला. आत यायला कुणाला विचारायचं हे तिला माहीत नव्हतं.

बैठकीत मी सगळ्यांत आधी उभी राहिले. म्हणाले, "मी त्या घरी गेले नव्हते. घोटीच्या हॉटेलात बसून अहवाल लिहिला. आईबद्दल बापानं सांगितलं ते तसंच लिहिलं." बोलताना मी अध्यक्षांकडे बघत होते, सिस्टरांकडे नाही. अध्यक्षांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे लेखी द्या." मी लिहूनच आणलं होतं.

मला बाहेर बसवून समितीनं चर्चा केली. दार बंद होतं, पण सिस्टर आत होत्या, त्यामुळे सगळं ऐकू आलं. अध्यक्ष म्हणत होते, मुलगी नवी आहे, स्वतःहून कबूल केलंय, तोंडी समज पुरे. दोन सदस्य हो म्हणाले. आणि सिस्टर म्हणाल्या, "नाही. लेखी ताकीद. तिच्या सेवापुस्तकात नोंद. आणि पुढचे सहा महिने तिनं केलेल्या प्रत्येक गृहभेटीला मी सोबत जाईन."

मला वाटलं होतं, त्या मला वाचवतील. त्यांनी माझ्या तोंडाला काळं फासलं, असं मी त्या दिवशी घरी जाऊन आईला म्हणाले. कितीतरी महिने तो राग माझ्या मनात होता.

मग हिराला आत आणलं. आई खुर्चीच्या काठावर बसली होती. मायलेकींची ताटातूट होऊन तीन वर्षं झाली होती. पोर उंच झालेली, आई वाळलेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, जणू ओळख पटवायला कागदपत्रं लागणार होती. कुणीतरी काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं, तशा सिस्टर म्हणाल्या, "कुणी बोलू नका."

आई म्हणाली, "केस कुनी कापलं गं?"

"उवा झाल्या व्हत्या," हिरा म्हणाली, आणि चालत जाऊन तिच्या शेजारी बसली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, मग थांबलीच नाही. अध्यक्षांनी समोरची फाइल उघडली आणि उलटीच धरून वाचत राहिले.

बापालाही बोलावलं होतं. तो दाराशी उभा राहून म्हणाला, "माज्यापुरती मेलीच व्हती ती."

सिस्टर ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. "तुमच्यापुरती असेल. पोरीपुरती कशी मेली?" बाप खाली बसला आणि रडला. दुष्ट माणूस नव्हता तो. महिन्यातून एकदा पेठच्या बाजाराच्या दिवशी त्यानं पोरीला भेटावं, असं समितीनं ठरवलं. आईच्या ताब्यात देण्याचा आदेश टाइप होऊन आला. सिस्टरांनी तो पेठकडच्या बोलीत मायलेकींना सांगितला. "काय समजलं?" त्यांनी हिराला विचारलं.

"मी आयकडं ऱ्हायाचं. बा भेटाया येनार. शाळंत जायाचं."

"बस्स," म्हणून सिस्टरांनी सही केली. कधी नव्हे ती पहिल्या खेपेला.

निघताना हिरा फाटकाशी उभी होती. मी तिला विचारलं, "त्या दिवशी तू चूल डाव्या हाताला का म्हणालीस?"

ती जरा लाजली. "तुमचं हात कापत व्हतं, बाई. म्हटलं, चुकलं तर तुमाला मारतील."

ठरल्याप्रमाणे सहा महिने सिस्टर माझ्यासोबत हिंडल्या. त्यांचं वय सत्तरीला आलेलं. त्र्यंबकेश्वरला मंदिरामागच्या गल्लीत फुलं विकणाऱ्या बायकांकडे, सिन्नरच्या वसाहतीतल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये, गंगापूर रस्त्याच्या मळ्यांवर. घरात शिरलं की आधी पाणी मागायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. पाणी आणून देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून निम्मं घर कळतं, असं त्या म्हणत. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसायचं. मूल बोलत असताना लिहायचं नाही. सहा महिने संपले, तरी मधूनमधून सकाळी साडेसहाला त्या सीबीएसवर हजर असत. "इकडं कामच होतं माझं," असं सांगत. काही काम नसे.

हिराकडे पाठपुराव्याला गेलो तेव्हा वर्ष झालं होतं. पेठच्या पुढे मामाच्या घरी आईनं नागलीच्या भाकरी केल्या. हिरा तिसरीत होती, केस दोन वेण्यांइतके वाढले होते. तिनं पाटीवर आम्हा दोघींची नावं लिहून दाखवली. माझ्या नावात एक वेलांटी चुकली होती. सिस्टरांनी ती तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतली.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. घाट सुरू झाला तेव्हा सिस्टर एकदम म्हणाल्या, "माझ्यावर रागावली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

"बरं केलंस." मग त्या खिडकीकडे वळल्या. "मी तुझ्याएवढी होते तेव्हाची गोष्ट. याच बाजूचा पाडा. नाल्यापलीकडे एक गरोदर बाई होती, शेवटचा महिना. मला जाऊन तपासायचं होतं. नाल्याला पाणी होतं. म्हणजे फार नव्हतं, गुडघाभर. पण मी दमले होते. मी वहीत लिहिलं, भेट दिली, प्रकृती ठीक. तीन दिवसांनी तिला झोळीत घालून माझ्या दारात आणलं. दारातच गेली. अंगावर सूज होती. मी गेले असते तर दिसली असती."

गाडीत पुढे कुणीतरी रेडिओ लावला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. महिनाअखेरीला साहेब आले. वही बघितली. भेट दिल्याची नोंद होतीच. खाली लिहून गेले, काम समाधानकारक. मला कुणी विचारलंच नाही गं. मी वाट बघत होते कुणीतरी विचारेल म्हणून. वर्षानुवर्षं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते."

त्यांच्यावरचा राग नेमका कुठल्या वळणावर उतरला तेही सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की नाशिकला पोचेपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले होते, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. माझ्या सेवापुस्तकातली ती नोंद आजही आहे. बढतीच्या वेळी दोनदा तिच्याबद्दल विचारणा झाली. दोन्ही वेळा मी सगळं सांगितलं, आणि सांगताना मला लाज वाटली नाही.

दोन मुदती झाल्यावर सिस्टर समितीवरून निवृत्त झाल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत एका बैठकीच्या दिवशी सकाळी फोन आला. रात्री झोपेतच गेल्या होत्या. अंत्यविधी साडेचारला. अध्यक्ष तेच होते, आता पार पिकलेले. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "आजची बैठक तहकूब करायची का?"

मी दारातून बाहेर बघितलं. बाकावर चार मुलं बसली होती. त्यांतली दोघं भावंडं होती, एकमेकांचे हात घट्ट धरून. मी म्हटलं, "नको, साहेब."

आम्ही चौघांनाही ऐकलं. कुणाचीच घाई केली नाही. शेवटचा मुलगा बोलून संपला तेव्हा पावणेचार वाजले होते. मग अध्यक्ष, टायपिस्ट, गृहमाता आणि मी, सगळे मिळून शरणपूरला गेलो.